वाकड्या कानाचा कप

ही गोष्ट दोन हजार चौदा सालची. जुन्या वास्तू लोकांना दोन दिवस मोफत दाखवायचं ठरलं आणि कित्येक वर्षं बंद असलेल्या चिनीमातीच्या कारखान्याचं फाटक उघडलं. धाकटी जाऊ पर्स काखोटीला मारून निघाली. मागून थोरली जाऊ, गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत.

"भिंती बघायला एवढी तंगडतोड?"

"माझा कप फोडायला चाललेय, जाऊबाई."

दोघी पूर्वी तिथं कानखात्यात कपांना कान चिकटवायच्या. त्या खात्याची एक रीत होती. नव्या बाईनं बिघडवलेला पहिला कप फेकायचा नाही. तोच भाजून तिला द्यायचा. रोजचा चहा त्यातच. काम सोडताना तिनं तो आपल्या हातानं फोडला, की ती सुटली. गुडघे गेले तेव्हा थोरलीनं आपला फोडला होता, चांगला हसतखेळत. धाकटीच्या नशिबी ते नव्हतं. एका सोमवारी कामावर गेली तर फाटकाला कुलूप! कप आत, ती बाहेर. ते शल्य अजून सलत होतं.

कानखात्यात दोरी बांधलेली. पलीकडे खिळ्यांवर कप टांगलेले, आणि तिचाही, रुसल्यासारखा एका अंगाला कललेला. खाली पाटी: 'काम सोडून गेलेल्या कामगारांचे कप.'

"सोडून कोण गेलं गं?" धाकटीनं माहिती सांगणाऱ्या मुलीला विचारलं.

"कामगार, आजी. तसं लिहिलंय."

"लिहिणारा होता का इथं? आम्हाला बाहेर काढलं!"

आणि "आता फोडतेच हा!" म्हणत दोरीखालून वाकून तिनं कप काढलासुद्धा.

"आजी, नका ना फोडू!"

"फोड गं," थोरली म्हणाली, "एकदाची सुटशील."

धाकटीनं हात उगारला. नजर पाटीवर गेली. हात हळूहळू खाली आला.

"नाही फोडत. फोडला तर ही पाटी खरी ठरेल. पोरी, तुझ्या थर्मासमध्ये चहा आहे ना? ओत यात."

"साहेब ओरडतील हो!"

"ओरडू दे. त्यांच्या आधीपासून कामाला आहे मी इथं."

"हिची सुट्टी संपली वाटतं!" थोरली खो खो हसली.

आपल्या जुन्या बाकावर बसून धाकटीनं सावकाश चहा प्यायला, कप विसळला, खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी खात्यातल्या हयात होत्या तेवढ्या बायका घेऊन आली. प्रत्येकीनं आपापला कप उतरवला आणि साहेबांच्या नाकावर टिच्चून चहा झाला. पाटी बदलेपर्यंत एकही बाई बाकावरून हलली नाही.

थोरली पुढच्या वर्षी गेली. "फोडायला हवा होतास" हे शेवटपर्यंत चालूच. साहेबांची बदली झाली. ती मुलगी आता तिथलं संग्रहालय सांभाळते. धाकटी गेली तेव्हा तिचा मुलगा कप फोडायला म्हणून तिथं गेला, तर त्याच मुलीनं त्याला दोरीपाशीच अडवलं.

"आजींनी काम सोडलेलं नाही," ती म्हणाली.

कप अजून खिळ्यावर आहे. वाकडाच.