मेणातला वैरी

मी एक जुना आरएनए, म्हणजे पेशीतला एक इवलासा रेणू आहे. इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. मित्रांनो, मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकतो, नंतर तक्रार नको.

माझा जन्म किल्लारीच्या सरजाबाईंच्या मानेत झाला, उजव्या कानाखालच्या लसिका गाठीतल्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या नेहमीच्या गाठीतल्या, एका पेशीत. पेशीत जनुकं असतात. जनुकाला काही करून घ्यायचं असलं की ते आरएनएची चिठ्ठी पाठवतं आणि चिठ्ठीबरहुकूम प्रथिन तयार होतं. माझ्यावर मात्र कुठल्याच प्रथिनाची कृती लिहिलेली नाही. त्यामुळे पुष्कळ वर्षं शहाण्या लोकांनी आमचं घराणं भंगारात काढलं होतं. तो अपमान मी विसरलेलो नाही.

माझं काम चिठ्ठ्या अडवायचं. आमच्या पेशीत एक वाढीचं जनुक होतं. ‘वाढा, दुप्पट व्हा’ एवढंच त्याला येई. जरूर तेवढ्या चिठ्ठ्या आम्ही जाऊ देत असू, बाकीच्यांना चिकटून त्या मोडून काढत असू. आम्ही भाऊ हजारांनी होतो. शाबासकी कोणी दिली नाही, पण सरजाबाई चाळीस वर्षं शेतात खुरपत राहिल्या, त्यात आमच्या पिढ्यांचाही वाटा होता.

मग पेशी बिघडली. माझे भाऊ ज्या जनुकापासून घडतात, त्यालाच तिने कुलूप घातलं. नवे भाऊ येईनात, जुने झिजून गेले. वाढीच्या जनुकाच्या चिठ्ठ्या मोकाट सुटल्या आणि एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होऊ लागल्या. त्या दिवशी मी ठरवलं, बिघडलेल्या पेशींचं हे पीक म्हणजे माझा वैरी, याला सोडायचं नाही. पण एकट्याने करणार काय?

वैरी धूर्त होता. त्याने गाठ वाढवली, पण ठणका लागू दिला नाही. एकदा थोरल्या जाऊबाई, केवळाबाई, सरजाबाईंच्या डोक्याला तेल लावत होत्या. त्यांच्या बोटाला गाठ लागली.

“दुखतंय का गं?”

“न्हाई अक्का.”

“दुखतच न्हाई तर कसलं आलंय दुखणं? राहू दे.”

आपल्याकडे आजारालाही दुखणंच म्हणतात ना, तिथेच घात झाला. मी आत नुसता तडफडलो. आठ महिने गेले. काखेत दुसरी गाठ आली, झंपराची बाही दाटू लागली, वजन उतरलं. तेव्हा केवळाबाईच घाबरल्या आणि जावेला जीपने लातूरला घेऊन आल्या.

तिथल्या रुग्णालयात मानेतली गाठ काढली आणि तपासणीसाठी मेणाच्या वडीत बसवली. मीही तिच्यात आलो. गाठी तपासणाऱ्या डॉक्टर वैजनाथांनी तिचे पातळ काप करून पाहिले. साधी सूज की लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, हे त्यांना नक्की ठरवता येईना. नुसत्या शंकेवर कडक औषधं देता येत नाहीत. इकडे सरजाबाईंना जिना चढताना धाप लागत होती.

नांदेडची ऋतुजा नावाची संशोधक तेव्हा तिथे आली होती. ती आमच्यासारख्या लहान आरएनएंचाच अभ्यास करते. मेणात मोठ्या चिठ्ठ्यांचे तुकडे पडतात, आम्ही मात्र टिकतो. तिने वडीचा एक काप घेऊन मोजणी केली. निरोगी गाठीत आम्ही जिथे हजारांनी असतो, तिथे बोटांवर मोजण्याइतके निघालो. वाढीच्या जनुकाच्या चिठ्ठ्यांचे तुकडे मात्र बेसुमार सापडले.

“सर, या वाढीच्या जनुकाला गप्प करणारा आरएनए इथं जवळपास नाहीच,” ती म्हणाली. “एवढ्यावर निदान होत नाही. पण ही गाठ पुन्हा तपासा.”

वैजनाथांनी आणखी काप घेतले, खास रंग चढवले. लिम्फोमाच निघाला. मित्रांनो, माझ्या भावांना संपवलं की आपल्याला विचारणारं कोणी उरणार नाही, असं वैऱ्याला वाटलं होतं. आमच्या नसण्यानेच त्याची चुगली केली. मला झालेला आनंद मी लपवत नाही. पुढे सहा महिने सलाइनमधून औषधं गेली. सरजाबाईंचे केस गेले, तोंड आलं, पण गाठी विरल्या. वैरी लाखांनी मेला. मला जराही दया आली नाही.

गेल्या महिन्यात सरजाबाई तपासणीला आल्या आणि त्यांनी ती वडी बघायला मागितली. ऋतुजाने ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

“द्या मला. चुलीत घालते,” सरजाबाई म्हणाल्या.

जाळा, त्याच्याबरोबर मलाही जाळा, असं माझ्या मनात आलं. पण ऋतुजाने त्यांना समजावलं. आजार उलटलाच तर जुन्या गाठीशी ताडून पाहावं लागतं, म्हणून वडी जपायलाच हवी. सरजाबाईंनी वडीकडे रोखून पाहिलं आणि ती परत दिली.

“ठिवा मंग. पर ह्याच्यावर कुनाचं तरी ध्यान असू द्या.”

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या मानेला किंवा काखेला गाठ आली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती दुखायची वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा. माझी काळजी करू नका. मी लातूरच्या रुग्णालयातल्या कपाटाच्या एका खणात आहे, वैऱ्याला अगदी खेटून. त्याच्यावर ध्यान ठेवायचं, याशिवाय मला आता दुसरं काम नाही.