डावीकडे कललेला बत्ता

पेंटरकाकांनी पाण्याचा ग्लास तिसऱ्यांदा उचलला आणि न पिताच खाली ठेवला. औषध दुकानांच्या या मुख्य ऑफिसातून काल फोन आला होता, जुन्या पाटीबद्दल बोलायचंय म्हणून. तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. काकांच्या मनात तर एकोणपन्नास वर्षं पौर्णिमाच होती. त्यात मुलगी यांच्याच एका दुकानात काउंटरवर नोकरीला.

समोर बसलेली डिझाइनर त्या मुलीच्याच वयाची होती. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चार पाट्या ओळीने टांगल्या होत्या. पहिली काकांच्या हातची, पत्र्यावर तपकिरी खल आणि त्यात बत्ता. दुसरी हिरवी, छापील. तिसरी प्लॅस्टिकची, आत दिवा असलेली. चौथीत खलाचा नुसता अर्धगोल उरला होता आणि बत्त्याची एक रेघ. दर दहा-बारा वर्षांनी मालकांना नवं काही सुचलं की रंग बदलायचा, आकार बदलायचा. बत्ता मात्र चारही पाट्यांवर डावीकडेच कललेला.

"मोठ्या मालकांच्या कपाटात मूळ चित्र सापडलं," ती म्हणाली. "त्यात बत्ता उजवीकडे आहे."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं झाकलेली मूठ आता उघडावीच लागणार होती.

"चूक माझी. पुठ्ठ्याचा छापा उलटा ठेवला मी. तासाभरात उद्घाटन, पुन्हा रंगवायला वेळ कुठला? कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग पुढच्या दुकानांच्या पाट्याही तशाच रंगवल्या, पहिलीशी जुळायला हव्यात ना. पण यात माझ्या मुलीचा काही दोष नाही."

"कुठली मुलगी?"

"तुमच्या दुकानात आहे. काउंटरवर."

डिझाइनरला हसू आवरेना.

"काका, मला नुसतं कारण जाणून घ्यायचं होतं. पन्नाशीसाठी नवीन पाटी करतोय, तर या वेळी बत्ता मूळ चित्रासारखा करून टाकलाय. बघा."

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. बत्ता उजवीकडे होता. काकांना हायसं वाटलं, अगदी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा नीट पाहिलं. रेषा सफाईदार होती, रंगही नेमका.

"काम झकास आहे," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या चार पाट्यांकडे बघून जरा घुटमळले.

"पण पोरी, ही पाटी कुठल्या दुकानाची?"