घरटी माणूस

नारळी पौर्णिमेच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मोरखारच्या बांधाला खांड गेली.

उधाणाची भरती होती, वारा समुद्राकडून होता आणि बांधाचा तो तुकडा दोन पावसाळे डागडुजीवाचून राहिला होता. आधी उंदराच्या बिळाएवढी वाट झाली, मग माती आतून खचून बांध फुटला आणि रेवदंड्याच्या खाडीचं पाणी खारात, बांधाआडच्या उभ्या भातात शिरलं. बांधावर त्या वेळी एकच माणूस होता. भागोजी, सत्तरी ओलांडलेले, बांधाचे राखणदार. एकट्याच्यानं खांड भरत नाही. गोण्या, पेंढा आणि चिखल हातोहात पोचवणारी माणसांची रांग लागते, आणि ती पाणी कोवळं, जोर न धरलेलं असतानाच लागते. भागोजी गावाकडे धावत सुटले आणि धावता धावता हाक घालू लागले.

"खांड गेली होऽ! खार जातो होऽ! घरटी माणूस होऽ!"

घरटी माणूस म्हणजे घरामागे एक माणूस. ही हाक कानावर पडली की जेवणारा ताटावरून उठतो, हळद लागलेला नवरा असला तरी त्याचा भाऊ निघतो. ज्या घरातून माणूस येत नाही, त्या घराशी गाव वर्षभर बोलत नाही. हाक थट्टेत मारायची नाही, पोरांनीही खेळात मारायची नाही, हे मोरखारमध्ये कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

त्या दुपारी हाक अख्ख्या गावानं ऐकली. ऐकली आणि गाव नाचलं.

मृणालीनं ते ट्रेलरवरून पाहिलं. नारळाची मिरवणूक देवळाकडून खाडीकडे निघाली होती आणि मिरवणुकीच्या पुढे ट्रेलरवर गावचा स्वतःचा बँड होता, 'उघाडी'. निकेत बेंजोवर, दिपेश ढोल आणि ऑक्टापॅडवर, मृणाली माइकवर. मुंबई-पुणे गाजवून पोरं पहिल्यांदाच गावात वाजवत होती. 'घरटी माणूस' हे गाणं चालू होतं आणि दिपेशनं ढोल नुकता हळू केला होता, कारण इथे ती हाक यायची. लॅपटॉपमधून. भागोजींच्याच आवाजात.

हाक आली, पण समोरून. गर्दी फाडत भागोजी ट्रेलरशी आले होते, कमरेपर्यंत चिखल, हात वर. मृणालीला वाटलं, म्हातारा आज रंगात आलाय. इतके दिवस गाण्यावर रुसलेला माणूस आपणहून आला, याचा तिला आनंद झाला. तिनं वाकून माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

भागोजींनी माइकमध्ये हाक मारली. गर्दीनं एका आवाजात उत्तर दिलं, "घरटी माणूस! घरटी माणूस!" आणि दिपेशनं ढोलाचा ठेका मोकळा सोडला.

त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच झालं. मग त्यांनी एकदा मृणालीकडे बघितलं आणि वळून ते आल्या वाटेनं चालू लागले. लोकांनी त्यांना वाट दिली, एकानं पाठीवर थापही मारली. मिरवणूक खाडीच्या वळणावर पोचून समोरचं भात पाण्याखाली दिसेपर्यंत तीन गाणी वाजून झाली होती.

*

'उघाडी'ची सुरुवात हळदीत झाली. निकेत बौद्धवाडीतला, त्याची बेंजो पार्टी चौलपासून काशीदपर्यंत हळदी वाजवायची. दिपेश त्याचा ढोलवाला. मृणाली खारात शेती असलेल्या कृष्णाजींची थोरली मुलगी, अलिबागला कॉलेजात. खाडीकाठच्या जमिनी एका बंदराच्या कंपनीला हव्या होत्या आणि दलाल गावात फिरू लागले होते. तहसील कचेरीसमोरच्या धरण्यात भाषणं संपेनात, लोक पेंगायला लागले, तेव्हा मृणालीनं वहीतल्या चार ओळी मोबाइलच्या टॉर्चसारख्या थेट तोंडावर मारल्या. निकेत शेजारी बेंजो घेऊन बसला होता, त्यानं नुसता ठेका धरला. पेंगणारे उठून बसले.

बँडचं नाव बांधातल्या झडपेच्या दारावरून ठेवलं. उघाडी ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खारं पाणी आत येऊ देत नाही. पहिलं गाणं होतं 'खार इकनार न्हाय'. ते पनवेलपर्यंत गेलं. मग दोन वर्षांपूर्वी बांधाला लहानशी खांड गेली, तेव्हा भागोजींनी हाक मारली, गाव धावलं आणि तासाभरात खांड भरली. निकेत आपल्या आज्याच्या, भागोजींच्या, मागोमाग मोबाइल धरून पळत होता. त्या आवाजावरच त्यांनी 'घरटी माणूस' बांधलं. एक घर फुटलं तर गाव बुडेल, जमीन विकायची नाही, घरामागे एक माणूस उभा राहू द्या, असं ते गाणं.

गाणं सुटलं. ठाण्याला तरुण पोरं माना हलवत हाक म्हणू लागली. पुण्यात एका निवेदिकेनं सांगितलं की घरट्यातल्या माणसाची ही प्रतिमा तिला फार भावली. मुंबईच्या एका वाहिनीवर खांड म्हणजे साखरेचाच प्रकार ना, असं विचारलं गेलं. निकेत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "व्हय, पण आमच्याकडं ती खारट असते." ते वाक्यही गाजलं. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीनं त्यांच्याशी करार केला.

भागोजींनी गाणं पहिल्यांदा ऐकलं ते चौलच्या टपरीवर, कुणाच्या तरी फोनची रिंग म्हणून. ते तडक कृष्णाजींच्या ओटीवर आले.

"पोरी, ती हाक काढ त्याच्यातनं."

"आजा, ती तर गाण्याचा जीव हाय. तुमचा आवाज लंडनला ऐकतात."

"लंडनची मानसं येनार हायेत काय चिखल उचलायला?"

मृणाली हसली. कृष्णाजीही हसले. भागोजी हसले नाहीत. "बोलवनं हाय ते," ते म्हणाले. "त्याच्यावर नाचायचं नसतं." निघताना त्यांनी चहाही घेतला नाही. हाक बदलायचं मृणालीनं दोनदा मनाशी ठरवलं आणि दोन्ही वेळा कार्यक्रम तोंडावर होता म्हणून राहून गेलं. तोवर ती निम्म्या गावाच्या फोनवर होती, सकाळच्या गजराला होती, हळदीला डीजे तीच आधी लावायचा.

*

खाऱ्या पाण्यानं भरलेल्या शेतात पुढची तीन वर्षं भात होत नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसांनी बुटात पाणी जाऊ नये म्हणून रस्त्यावरूनच फोटो काढले. खांड दर भरतीला रुंद होत गेली आणि पंधरवड्यात तिच्यातून होडी जाऊ लागली.

गावात कुणी कुणाला बोललं नाही, कारण घरटी माणूस कुठल्याच घरातून गेला नव्हता. चंदाबाई मृणालीच्या शेजारची. मिरवणुकीला न जाता ती घरीच भाकऱ्या थापत होती.

"मी आयकली ना हाक," ती म्हणाली. "चांगली आयकली. म्हनलं, पोरांचं गानं लावलाय. माझ्या नातवाला म्हनलं, आवाज वाढव रे."

मृणाली बौद्धवाडीत भागोजींकडे गेली. ते पडवीत पाय पसरून बसले होते. पायाला शिंपल्यांनी कापलेलं होतं. मिरवणूक पोचेपर्यंत ते एकटेच खांडीत गोण्या टाकत होते.

"माइक कशाला पुढं केलास गो?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "तू वाकलीस, तवा मला वाटलं, तू आयकतंस."

बांधाची राखण सोडली, असं त्यांनी सांगितलं. दुसरा कुणी बघा म्हणाले. दुसरा कुणी अजून मिळालेला नाही.

गाणं काढून टाकायला हवं, हे मृणालीनं निकेतला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो बेंजोच्या तारा बदलत होता.

"निघत न्हाय ते. करार हाय. आणि आवाज माझ्या आज्याचा हाय, त्याच्या वतीनं सही मी केलेय."

"आजानंच काढायला सांगितलं होतं."

"तुला सांगितलं. तुझ्या ओटीवर येऊन. मला कधी न्हाय बोलला." त्यानं तार ताणली. "मला एक सांग मृणाली, खार कुनाचा बुडला?"

"गावाचा."

"गावाचा? सातबारा काढ आनि माझ्या आज्याचं नाव दाखव. माझ्या पणज्यानं त्या बांधावर चिखल वाहिला, आज्यानं राखण केली. वर्षाला दोन मण भात, ते पण मागायला मागच्या दारानं जायचं. हाक आमच्या घरानं मारायची, भात तुमच्या घरात जायचं. आता त्या हाकेचं पहिल्यांदा आमच्या घरात काहीतरी आलं, तर तुला ती पवित्र वाटाय लागली."

"मग आपण गायलो ते काय? खार इकनार न्हाय?"

"तू गायलीस. मी वाजवलं."

शेजारी बसलेला दिपेश मध्ये पडायचं म्हणून म्हणाला, "अरे, चहा तरी घ्या." कुणी घेतला नाही. मृणाली चिडली होती, पण निकेतच्या बोलण्यातलं एकही वाक्य तिला खोडून काढता आलं नाही. त्याचाच तिला जास्त राग आला.

बँड मात्र वाढला. मिरवणुकीतल्या कुणीतरी ती दुपार मोबाइलवर घेतली होती. भागोजी माइकमध्ये ओरडतायत, गर्दी नाचतेय आणि मागे, नीट बघितलं तर, झाडांच्या फटीतून चकाकणारं पाणी. म्युझिक कंपनीनं तो तुकडा वापरायचा सल्ला दिला. वर्तमानपत्रांनी 'उघाडी'ला बुडत्या किनाऱ्याचा आवाज म्हटलं. नागावच्या किनाऱ्यावरच्या महोत्सवाचं बोलावणं आलं, शनिवारी, शेवटचा कार्यक्रम, म्हणजे मानाचा. आयोजकांनी एकच अट घातली, 'घरटी माणूस' झालंच पाहिजे.

*

कृष्णाजी या सगळ्यात फार बोलले नव्हते. धरण्यानंतर दलालांनी गावात घेतलेल्या पहिल्या सभेत सगळ्यात आधी तेच उठले होते आणि म्हणाले होते की माझी पोर चारचौघांत गाते ते मला खरं करून दाखवायचंय, माझा खार विकायला नाही. त्यांच्यामागे बाकीचे उठले. गाव टिकलं ते त्या एका सभेवर. मृणालीच्या गाण्यांना गावाबाहेर जे वजन आलं तेही त्यामुळे. कृष्णाजी खार विकतील तर पहिलं गाणंही उरत नाही आणि दुसरंही नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

गणराज हा शेजारच्या गावचा, जमिनीचे व्यवहार जमवून देणारा. खांड गेल्यावर आठवड्यातच तो ओटीवर आला. गोड बोलणारा, कृष्णाजींना काका म्हणणारा.

"काका, आता भात तर काय येत न्हाय. पान्याला काय पिकवनार? कोलंबी?"

"बांध होईल."

"होईल की. तुमी सांगा कवा, मी थांबतो." मग मृणालीकडे वळून, "ताई, गानं भारी हाय हां तुमचं. माझ्या गाडीत तेच लावतो."

कृष्णाजींनी त्या दिवशी त्याला वाटेला लावलं. त्यानंतर तो येत राहिला आणि कृष्णाजी त्याला बसायला सांगू लागले. त्या दोघांचं काय बोलणं होतं, ते मृणाली आली की थांबायचं. एकदा तिनं विचारलंच.

"बाबा, तुमी सही करनार न्हाय ना?"

"तुझा कार्यक्रम कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी."

"मंग शनवारपर्यंत काय विचारू नको."

तिला वाटलं, कार्यक्रमापर्यंत तरी ते थांबतील. तिनं स्वतःशी ठरवलं की नागावला 'घरटी माणूस' म्हणायचं नाही, त्याऐवजी 'खार इकनार न्हाय' म्हणायचं आणि घडलेलं सगळं लोकांना सांगायचं, माइकसकट. निकेतला तसं तिनं कळवलं. तो म्हणाला, तू गप्प उभी राहिलीस तरी चालेल, हाक लॅपटॉपमधून येते आणि बाकीचं लोक म्हणतात.

शुक्रवारी सकाळी तालमीसाठी ती नागावला पोचली आणि तासाभरात चंदाबाईचा फोन आला. कृष्णाजी इस्त्रीचा शर्ट घालून, जमिनीचे कागद पिशवीत घेऊन गणराजच्या गाडीत बसले होते. गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली. एवढंच चंदाबाईनं पाहिलं होतं.

मृणाली फोन लावत राहिली. आधी रिंग जात होती, नंतर फोन बंद येऊ लागला. तालीम तिच्यावाचून सुरू झाली. दुपारी दिपेशच्या मामानं, जो अलिबागला रिक्षा चालवतो, कळवलं की नोंदणी कचेरीच्या फाटकाबाहेर कृष्णाजी उभे होते, हातात चहाचा ग्लास होता आणि गणराज शेजारी काहीतरी समजावत होता. मामाच्या रिक्षात भाडं बसलेलं होतं. परत येताना त्यानं पाहिलं तर फाटकाशी कुणी नव्हतं. ते आत गेले की माघारी फिरले, हे त्याला सांगता आलं नाही.