नव्वदच्या रेघेवर

माझी नात रेवा तीन महिन्यांची. सून नीरजाला दूध पुरलं नाही, म्हणून रेवा पहिल्यापासून डब्याच्या दुधावर. नीरजाचं ऑफिस सुरू झालं आणि धायरीहून मैनाबाई बाळ सांभाळायला येऊ लागल्या. सकाळच्या दोन बाटल्या मी करायच्या, पुढच्या त्यांनी, असं ठरलं. त्याच आठवड्यात रेवाची शी घट्ट झाली. तीन-तीन दिवस काही नाही, मग खडे. कुंथताना पोर लालबुंद व्हायची.

मी वहीत तारीखवार नोंद ठेवू लागलो. चाळीस वर्षं ग्रंथपाल होतो. दुसरं काही येत नाही.

"ती बाई काहीतरी चाटवत असणार," नीरजा म्हणाली. "बाबा, तुम्ही घरीच असता. जरा लक्ष ठेवा ना."

लक्ष ठेवणं मला जमेल असं वाटत नव्हतं. तरी पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो. मैनाबाईंनी आलं ठेचलं, मी दचकलो. ते त्यांच्या चहात गेलं.

"आजोबा, तासभर एकच पान? बातमी मोठी दिसती."

मी पान उलटलं.

मग त्यांनी बाटली केली. पेपरच्या कडेवरून मी नीट पाहिलं. तीन चमचे पावडर, माझ्याइतकीच. पण हलवल्यावर दूध नव्वदच्या रेघेच्या चांगलंच वर. माझं बरोबर रेघेवर असतं. म्हणजे बाई पाणी जास्त घालतात! तीन दिवस पाहिलं, तिन्ही दिवस तेच. चौथ्या दिवशी नीरजाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची चुगली केली.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "संध्याकाळी आले की सांगते, उद्यापासून येऊ नका."

फोन ठेवल्यावर धीर सुटला. निदान पुरावा तरी पक्का असावा, म्हणून भिंग घेऊन डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला बसलो. आधी पाणी नव्वद मिलीपर्यंत मोजून घ्यावे. नंतर तीन सपाट चमचे पावडर घालावी. पाणी कमी पडल्यास बद्धकोष्ठ होऊ शकते.

मी आधी पावडर घालत होतो आणि मग रेघेपर्यंत पाणी. रोज, दोन्ही वेळा. जन्मभर लोकांना 'नीट वाचा' म्हणत आलो, आणि डबा मात्र वाचला नव्हता.

संध्याकाळी नीरजानं चपला काढता काढताच सुरुवात केली, "मैनाबाई, जरा बोलायचं होतं."

मी डबा आणि बाटली तिच्यापुढे धरली. "त्यांचं बरोबर आहे. पाणी मी कमी घालत होतो. चोर मी आहे."

नीरजानं डबा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलंत, बाबा. फक्त चुकीच्या माणसावर."

मैनाबाईंना सगळं कळलं होतं. त्या हसल्या नाहीत. "माझ्या पोराच्या, जयसिंगच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दाखवलेलं. पाणी आधी," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. उद्या येतील की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

आल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी रेवाचं दुपटं घेऊन माझ्या खुर्चीपुढे उभ्या राहिल्या. त्यावर पिवळी, मऊ शी.

"घ्या, लिवा वहीत," त्या म्हणाल्या. "आन् इतके दिस सकाळच्या बाटल्या कुणी केल्या, तेबी लिवा."

मी दोन्ही लिहिलं.