दोन रेशनकार्डांतून राहून गेलेली माय

मी अंगठ्याची मशीन बोलतेय. हसनाबादला बसथांब्यासमोर एक सेवा केंद्र आहे, तिथल्या टेबलावर मी असते. काडेपेटीच्या दुप्पट आकार, पाठीला काळी वायर, छातीवर काच. बोट टेकलं की माझ्या आत लाल उजेड पडतो. रोज शे-सव्वाशे बोटं मी वाचते आणि सहसा मला कशाचं आश्चर्य वाटत नाही. पण त्या मंगळवारी जे पाहिलं, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला आठवत नाही. पहिलं बोट आठवतं, ते केंद्र चालवणाऱ्या कहकशाचं. तिनेच मला चार वर्षांपूर्वी आणलं. घरी उर्दू, टेबलावर मराठी, आणि लाइट गेली की दोन्हींत कुरकुर, अशी ही मुलगी. पेन्शन, रेशन सगळं माझ्यावरून जातं. पण जास्त करून दवाखान्यातल्या मोफत उपचाराचं कार्ड.

या कार्डाने मला माणसं शिकवली. धडधाकट असताना कुणी येत नाही. शेजारचे शिंपी फकरोद्दीनचाचा दोन वर्षं म्हणत राहिले, "कार्ड काढलं की बीमारीला घराचा पत्ता कळतो." छातीत कळ आली त्या दिवशी मात्र चप्पल न घालता पळत आले. कापूस वेचून आलेल्या बायांच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत; कहकशा ओल्या फडक्याने त्यांची बोटं पुसते, पुन्हा टेकवते, पुन्हा पुसते. नव्या सुनांची नावं तर वर्षानुवर्षं माहेरच्याच रेशनकार्डात असतात. आणि रेशनकार्डात नाव नसेल, तर उपचाराचं कार्ड निघत नाही.

हे मला सवयीचं झालं होतं.

त्या मंगळवारी सोनूबाई आल्या. वय सहासष्ट. एका बाजूला थोरला मुलगा कल्याण, दुसऱ्या बाजूला धाकटा राधेश्याम. सोनूबाईंच्या पोटात गाठ होती. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्याच्या आत ऑपरेशन करा. कार्ड आणलं तर खर्च लागणार नाही.

त्यांचा अंगठा मी पहिल्या झटक्यात वाचला. मग कहकशाने कल्याणच्या रेशनकार्डाचा नंबर टाकला. पडद्यावर कल्याण, त्याची बायको, तीन पोरं.

"भाऊ, मावशीचं नाव न्हाई यात."

"राधेश्यामच्या कार्डावर असंल."

तिने दुसरा नंबर टाकला. राधेश्याम, बायको बेबीनंदा, दोन पोरी. बस.

"अरे, कार्ड येगळं केलं तव्हा माय तुझ्याकडं व्हती ना?" कल्याण म्हणाला.

"तव्हा पाळी तुझी व्हती, दादा. श्रावन व्हता."

सात वर्षांपूर्वी भाऊ वेगळे झाले. पंचांनी सांगितलं, माय एक महिना इकडे, एक महिना तिकडे. दोघांनीही ते बराबर पाळलं. एक दिवस इकडचा तिकडे झाला नाही. पण रेशनकार्ड वेगळं काढताना थोरल्याने सांगितलं, माय धाकट्याकडे असते. धाकट्याने सांगितलं, थोरल्याकडे.

"नाव लिवलं असतं, तर कायमची माझ्याकडंच झाली असती," राधेश्यामच्या तोंडून निघून गेलं.

कल्याण खाली बघत म्हणाला, "मलाबी तसंच वाटलं व्हतं."

माझ्या काचेवर बोट नव्हतं, तरी आतला उजेड जळत राहिला. मी यंत्र, मला धक्का बसायचं कारण नाही. पण बसला. दोघांपैकी एकही दुष्ट नव्हता. दोघांनी मायला उपाशी ठेवलं नव्हतं. आणि तरीही ती कुठेच नव्हती.

सोनूबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजे सात वर्षं मी कुनाच्या घरात जेवत व्हते?"

मग दोघं एकदमच बोलायला लागले. "माझ्या कार्डात घाल!" "मी थोरला हाये, माझ्यात घाल!"

दारातून फकरोद्दीनचाचा ओरडले, "आता बोली लावून राह्यले का रे? माय है ती, बाजारातली म्हैस न्हाई!"

"कहकशा," सोनूबाई म्हणाल्या, "माझं एकटीचं कार्ड निघतं का?"

"निघतं मावशी. पन चूल येगळी लागती. चौकशीला मानूस येतो, सैपाक कुठं करता इचारतो."

"मंग मांडते चूल."

"माय, लोक काय म्हनतील?" कल्याण म्हणाला.

"लोकांना मी म्हाईत हाये रे. तुमच्याच कागदाला न्हाई."

गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी दुखतं पोट धरून चूल मांडली. चौकशीचा माणूस आला, तापलेला तवा पाहून गेला. कहकशा रोज दुकान उघडल्या उघडल्या त्यांचा नंबर टाकून बघायची. नाव नाही. नाव नाही. डॉक्टरांच्या महिन्यातले एकोणीस दिवस असे गेले.

विसाव्या दिवशी नाव आलं. त्यांनी अंगठा टेकवला, मी वाचला. पडद्यावर उमटलं : कुटुंबप्रमुख सोनूबाई, एकूण सदस्य एक. उपचाराचं कार्ड छापून झालं. कहकशा ते त्यांना वाचून दाखवत होती आणि दोन्ही मुलं दाराबाहेर जीप चालू ठेवून उभी होती. त्यानंतर चौथ्या दिवशी गाठ निघाली. सोनूबाई बऱ्या आहेत. भाकरी अजून आपल्याच चुलीवर करतात.

माझ्या काचेवर आता चरे पडलेत. चेहऱ्यावरून ओळखणारा मोबाइल आलाय. काही दिवसांत मी खणात जाईन. जाण्याआधी एवढंच मागते. घरातलं रेशनकार्ड आज काढा आणि त्यातली नावं वाचा. मोठ्याने वाचा. शेजारच्या खोलीतलं माणूस ऐकत असेल. आपलं नाव आलं नाही, हे त्याला दवाखान्याच्या दारात कळू नये.