मण्याचं माहेर

गाठ सुटेना म्हणून सत्यभामाबाईंनी दोरा दातांत धरला आणि मणी जिभेवर आला — ज्वारीच्या दाण्याएवढा, सोन्याचा, चार दिवसांपूर्वी छबुबाईच्या नातीच्या गळ्यातून परत आलेला. पडलेल्या दाताच्या जागी जावी तशी जीभ आपसूक त्याच्या एका अंगाला गेली... आणि थबकली. खडा नव्हता. सोनाराच्या मुशीतूनही न निघालेला वाळूचा एक कण त्या अंगाला रुतलेला असायचा. आता सगळीकडून गुळगुळीत. बदलला! दुसरा शब्दच मनात आला नाही, आणि त्या शब्दाचं बोट धरून छबुबाईचं नाव आलं.

कितीतरी वर्षांनी मणी असा तोंडात आला होता. एरवी परत आला की डब्यात, डब्यातून पुढच्या नवरीला. पण जीभ काय विसरते? बहात्तरच्या दुष्काळात गोदावरी आटली, वाळूत पिवळे कण चमकले, तेव्हा काठावरच्या बायकांनी सहकारी सोसायटी काढली होती. पीठ मळायच्या काटवटीत वाळू फिरवायची — मळायला पीठ होतंच कुठं! झिऱ्याचं पाणी काटवटीत, काटवटीतलं हौदात, हौदातलं पुन्हा काटवटीत. थेंब सांडला तर बाजूची बाई चिमटा काढायची. आणि हाताच्या हेलकाव्याबरोबर ओवी चालायची —

वाळू धुता गं धुता, हात शहाणा होई
हलकं ते वाहून जाई, जड मागं राही

पिवळी वाळू निघून जायची, काळी रेती राहायची, हट्टी, जड; शेवटच्या एका हेलकाव्याला तीही सरकायची आणि मग तळाशी सोनं — असलं तर. अख्खा उन्हाळा धुऊन निघाला तो हा एक मणी. प्रत्येकीनं तो जिभेवर फिरवून त्यातला खडा ओळखून ठेवला. वाटायचा कसा? मग ठरलं, मणी सगळ्यांचा. जिच्या घरी लग्न, तिच्या पोरीच्या नाहीतर सुनेच्या गळ्यात पाच दिवस. कुणाच्या मंगळसूत्रात, कुणाच्या काळ्या पोतीत. सांभाळायचा सत्यभामेनं — तिची जीभ तिखट म्हणून. पाऊस आला, नदीनं वाळू हलवली, कण दिसेनासे झाले, बायका कोयते घेऊन उसाला गेल्या. मणी तेवढा फिरत राहिला. तो द्यायचा मात्र घरी नाही; पात्रातल्या त्या जुन्या हौदांपाशी. ते त्याचं माहेर.

आज तो इमामबीच्या नातीला द्यायचा होता.

उन्हात पात्र उतरताना त्यांचं पाऊल डळमळलं नाही. यंदाही नदी तशीच कोरडी. हौद चिरलेले, त्यांतून वेडी बाभूळ वर आलेली, सोसायटीची पाटी गंजून कोरी. हौदाच्या कडेला टेकून त्या मनातल्या मनात छबुबाईसमोर उभ्या राहिल्या — छबे, आपल्या सगळ्यांच्या चिमट्यांचं सोनं होतं गं ते... बोललं की मणी संपला. ज्याच्या-त्याच्या घरावर संशय, मग कोण मागेल, कोण परत करेल? आणि न बोलावं तर खोटा मणी आपल्याच हातानं, याच जागी... छे. बोलायचं. हात शहाणा होता, जीभही.

पलीकडच्या काठानं छत्री आली, छत्रीखाली इमामबी.

"हायस का म्हातारे? मला वाटलं, वाळूवाल्यांनी भरून नेलं तुला."

"मला न्यायला दोन टिप्पर लागतील. बस. इमामबी, मणी बदललाय. छबीच्या घरी."

"कशावरनं?"

"खडा न्हाई."

इमामबीनं मणी घेतला, सुपारीसारखा गालात फिरवला, तळहातावर काढून पदराला पुसला. "आगं, माझ्या सुनंला घातला तवाबी न्हवता की खडा. मी जिभंनं बघितलंतं."

"तवा? मग बोलली कावून न्हाईस?"

"बोलायचं काय? तू दिलातास."

इमामबीची सून... तिच्या आधी मणी कुठे होता? तिच्या आधी — जानकी. आपली लेक. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिचे वडील, गहिनीनाथ, मणी घेऊन गेवराईला सोनाराकडे गेले होते. उजळून आणतो, म्हणाले, पोरगी चमकली पाहिजे. केवढा लखलखीत आणला होता! नवऱ्याच्या हौसेनं डोळे भरून आले होते, आणि मणी तसाच पोतीत ओवला होता. जिभेवर न ठेवता. घरचाच तर होता... सोनारानं घासला तेव्हा कण गेला असेल. किंवा मणीच दुसरा... आता विचारायचं कुणाला? ते नाहीत. आणि त्यानंतरच्या सगळ्या पोरी याच मण्यावर नांदल्या, हसत परत करून गेल्या.

इमामबीनं मणी त्यांच्या तळहातावर ठेवला. "तुझ्या हातानं दे. न्हाईतर नको देऊ. पोरीला मी सांगीन कायबी."

सत्यभामाबाईंनी हात किंचित हलवला, जुन्या सवयीनं. छबुबाईचं नाव केव्हाच वाहून गेलं होतं, वाळूसारखं. आत गहिनीनाथांचं नाव तेवढं जड मागं राहिलं होतं. ते काळी रेती की सोनं, हे कळायला अजून एकच हेलकावा हवा होता. हात घाबरला नव्हता. त्याला तो हेलकावा ठाऊक होता... तो फक्त, आयुष्यात पहिल्यांदाच, थांबला होता —