रंगाऱ्याची मंडळी

पाववाली पाण्याखाली गेली ती वर येईना. घड्याळजीने तिच्या पाठीखाली दोन्ही हात घातले होते, तोंडाने प्रार्थनाही चालू होती. पण घड्याळाचे काटे उचलायची सवय असलेले ते हात, त्यांना पाववाली पेलणार कशी! हौदाच्या काठावर सगळे डोळे मिटून उभे होते. एकट्या रंगाऱ्याचे डोळे उघडे होते, कारण त्याला प्रार्थना येत नव्हती. तो कपड्यांनिशी हौदात उतरला आणि ओली सतरंजी उपसावी तसं त्याने तिला वर काढलं.

"आमेन," पाववाली खोकत म्हणाली.

"आधी श्वास घ्या, आमेन कुठे पळून जात नाही," रंगारी म्हणाला.

खरं तर हे सगळं एका शब्दाच्या घोळातून झालं होतं. दुरुस्त केलेलं घड्याळ द्यायला आलेला घड्याळजी रंगाऱ्याच्या मागच्या अंगणातल्या, कापड रंगवायच्या हौदाकडे बघत राहिला होता.

"रविवारी हा मिळेल का? आमच्या मंडळीला हवाय."

रंगारी चारचौघांत बायकोला 'आमची मंडळी' म्हणायचा. त्याला वाटलं, याच्या बायकोला सतरंज्या धुवायच्या असतील.

"पाठवा की. आमच्या मंडळीलाही सोबत होईल."

रविवारी त्याने दार उघडलं तर बाहेर पाववाली, सुतार, शाळेत घंटा वाजवणारा म्हातारा आणि आणखी चार-सहा माणसं. सगळ्यांच्या काखेत टॉवेल.

"यातली तुमची मंडळी कोणती?" त्याने विचारलं.

"हीच," घड्याळजी म्हणाला. "सगळी."

दिलेला शब्द फिरवणं रंगाऱ्याच्या स्वभावात नव्हतं. हौद त्याने घासला होता, पण कोपऱ्यात मुरलेली नीळ काही निघाली नव्हती. पांढरे झगे घालून उतरलेले लोक फिकट निळे होऊन बाहेर आले. गल्लीने त्यांना 'बुडवे' असं नाव ठेवलं. वाण्याने तर 'बुडव्यांना उधार नाही' अशी पाटी लावली आणि तिच्याकडे बघून स्वतःच हसत बसला. झगे मात्र कुणी पांढरे करून घेतले नाहीत.

त्या दिवसापासून घड्याळजीने बुडवायचं आणि रंगाऱ्याने वर काढायचं, असं न बोलताच ठरून गेलं. या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्म्यासाठी तान्ह्या मुलावर पाणी शिंपडत नसत. जाणत्या माणसाने आपल्या तोंडाने विश्वास सांगायचा आणि पुरतं बुडायचं. रंगाऱ्याला ते पटलं. शिंपडल्याने कापडावर डाग पडतात, रंग चढत नाही, एवढं त्यालाही ठाऊक होतं. पण त्याला एका गोष्टीचं कुतूहल लागून राहिलं. पाण्याबाहेर येणारा चेहरा सगळ्यांत आधी त्याला दिसायचा, आणि तो आत गेलेल्या चेहऱ्यासारखा नसायचा. खाली असं असतं तरी काय?

तो एकेकाला गाठून विचारायचा. सुतार म्हणाला, नाकात पाणी गेलं. पाववाली म्हणाली, भट्टीचं दार उघडल्यासारखी ऊब आली. घंटावाला म्हातारा बराच वेळ विचार करून म्हणाला, "शांत होतं." यावरून रंगाऱ्याला काही बोध झाला नाही.

त्याची बायको सुरुवातीला कुडकुडणाऱ्यांना गरम पाणी द्यायची. मग पायरीवर बसून ऐकू लागली, गाणी म्हणू लागली. एका शनिवारी ती म्हणाली, "उद्या मला धराल ना? मला पाण्याची भीती वाटते."

"धरीन की," तो म्हणाला. गल्लीत विचारणाऱ्यांना तो सांगू लागला, "आमची मंडळी मंडळीत गेली."

तिलाही त्याने वर काढलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर वळवली.

"काय होतं खाली?" त्याने घरात आल्यावर विचारलं.

"सांगून कळायचं नाही."

पुन्हा विचारलं तेव्हा तिने विषय बदलला. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांमध्ये ही पहिलीच झाकली मूठ. रंगाऱ्याला वाईट वाटलं. बायको वर आली, पण आपल्याला न सांगण्यासारखं काहीतरी घेऊन आली, हे त्याच्या मनातून जाईना.

मंडळी वाढत गेली. घड्याळजीच्या दुकानात सगळे मावेनात, आणि ऐन प्रार्थनेत भिंतीवरची घड्याळं एकामागून एक ठोके द्यायची. शेवटी एक रिकामं गोदाम मिळालं. तिथे स्वतःचा हौद बांधायचा का, यावर मत घेतलं. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला एक मत, घड्याळजीलाही एकच. सगळ्यांनी हात वर केले. त्यांच्यात रंगाऱ्यानेही केला. निळा हात, लांबूनही ओळखू येणारा. मोजत मोजत घड्याळजी त्याच्यापाशी आला आणि थांबला.

"हा धरता येत नाही हो," तो हळूच म्हणाला.

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. रंगाऱ्याने त्याच हाताने डोकं खाजवलं आणि तो खाली घेतला.

रंगाऱ्याच्या हौदातला शेवटचा रविवार उरकला. लोक निरोप घेऊन निघाले. बायको ओले टॉवेल गोळा करत होती. रंगाऱ्याने वाकून हौदाचं बूच काढलं. पाणी गुरगुरत जाऊ लागलं.

"आता तरी सांग," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी इथे कापडच असेल. मग मी नाही विचारणार."

तिने एका टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"हसाल."

"नाही हसणार."

"घाबरून मी पाण्यात डोळे उघडले," ती म्हणाली. "वाटलं, आता मलाही काहीतरी दिसेल. आणि दिसले काय, तर तुमचे हात. कोपरापर्यंत निळे. मला घ्यायला येत होते. इतकं बरं वाटलं, की देवाचं नाव घ्यायचंच राहून गेलं. हे घड्याळजींना कोणत्या तोंडाने सांगू? म्हणतील, पुन्हा बुडा."

रंगारी हसला नाही. आपले हात त्याने उलटसुलट करून पाहिले. मग वाकून बूच परत जागेवर बसवलं आणि मुठीने ठोकून घट्ट केलं.

"घड्याळजी अजून कोपऱ्यापर्यंतच गेले असतील, नाही?"

"असतील. का हो?"

"हाक मार त्यांना," तो म्हणाला. "पण एकट्या घड्याळजींना काही मी पेलायचा नाही. वर काढायला कुणीतरी लागेल."

तिने टॉवेल पायरीवर ठेवला आणि दाराकडे जाता जाता दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.